खाली म्हणजे चालू

सोमवार, ३ तारीख

आला! हब आला!

साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, मध्ये मोहरीएवढा दिवा. हिच्या हातात दिली तर हिने ती चारी बाजूंनी चाचपली, उलटी केली आणि म्हणाली, "बुडाला चार रबरी पाय आहेत, त्यातला एक सैल आहे. एवढ्याशासाठी आठवडाभर दाराकडे डोळे लावून बसला होतात?" तो सैल पाय मला दिसलाच नव्हता. उणं शोधावं तर आमच्या हिनेच.

माझा उभा जन्म नाटकाच्या दिव्यांवर गेला. प्रत्येक प्रयोगानंतर काय साधलं, काय फसलं ते लिहून ठेवायचो. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही घडेना. आता घडतं आहे. हा प्रयोग घरातच आहे आणि प्रेक्षक एकच, आमची लेक.

ती २९ तारखेला येते आहे. गेल्या महिन्यात ही स्वयंपाकघराच्या पायरीवर अडखळून पडली, मनगट मुरगळलं, आणि तेव्हापासून लेकीने फोनवर एकच धोशा लावला आहे, "आता पुरे. घर विका आणि दोघं माझ्याकडे या." तिचंही चूक नाही. ती येणार, घर बघणार आणि मग काय ते ठरणार. परवा फोन ठेवल्यावर ही बराच वेळ टॉवेलची घडी घालत, मोडत बसली. मग म्हणाली, "मला इथून हलवू नका हो." बस्स, एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे तोंड उघडून मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

तेव्हाच ठरवलं. हे घर इतकं शहाणं करून सोडायचं की लेकीला बोलायला जागाच उरू नये. ही पडली ती अंधारामुळे. आणि अंधार हा तर माझ्या खात्यातला विषय!

मंगळवार, ४

नमनालाच घडाभर तेल. दिवे लेकीने दिलेले, एका कंपनीचे. दाराचं कुलूप जावयाने पाठवलेलं, दुसऱ्या कंपनीचं. पडद्याची मोटर तिसऱ्याच कुणाची, आणि पंखा रिमोटवर चालणारा, म्हणजे कुणाच्याच गोतावळ्यात नाही. चौघांच्या चार चुली. प्रत्येकाचं ॲप वेगळं, पासवर्ड वेगळा, रुसवेफुगवे वेगळे. दिवे झिगबी नावाच्या भाषेत बोलतात. नाव ऐकून वाटलं, कुणी तान्ह्या बाळाला हाक मारतंय. कुलूप ब्लूटूथवर, पडदा वायफायवर. हबचं काम दुभाष्याचं. सगळ्यांचं ऐकायचं आणि ज्याचं त्याला त्याच्या भाषेत सांगायचं.

पहिला दिवा जोडण्यात सकाळ गेली. भिंतीवरचा खटका ठरावीक वेळा चालू-बंद करायचा, मग दिवा डोळे मिचकावतो आणि हब त्याला ओळखतो. माझी मोजणी सारखी चुकत होती. शेवटी हिला खटक्यापाशी उभं केलं आणि मी फोन धरला. खट, खट, खट, काय तो ठेका! पहिल्याच फटक्यात दिव्याने डोळे मिचकावले, हबचा पिवळा ठिपका निळा झाला. मी अक्षरशः उडी मारली. "बघ, बघ, निळा झाला!"

"झाला का," म्हणाली. "बरं झालं."

उत्साह म्हणून नाही बाईला. मग मी माझा चष्मा शोधत घरभर फिरलो. हिने टेबलावरून एकदा हात फिरवला आणि दिव्याच्या खोक्याखालून काढून दिला. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

शुक्रवार, ७

चारही जण एका सुरात! फोनवर एक बोट ठेवलं की पडदा सरकतो, पंखा मंदावतो, दिवे हळूहळू चढतात. याला मी 'प्रवेश' म्हणतो. पहिल्या प्रवेशाचं नाव 'पहाट'. हिला खुर्चीत बसवलं, जुन्या नाट्यगृहातून आणलेले जाड काळे पडदे ओढले आणि बोट दाबलं. कोपऱ्यातून नुसती गुलाबी कड उमटली, मग सोनेरी. माझ्याच अंगावर काटा आला.

"संपलं का?" तिने विचारलं.

"अगं, आत्ता तर सुरू होतंय!"

"हो का? छान आहे."

विंगेत उभं राहून हिने माझ्या शेकडो पहाटा पाहिल्या आहेत. नवल संपलं असेल. पण माझं कौतुक दुसऱ्या बाजूने चालू आहे. हल्ली पेपर मीच वाचून दाखवतो. म्हणते, तुमच्या आवाजात बातमीला वजन येतं. इतक्या वर्षांनी का होईना, कळलं.

रविवार, ९

घोडं अडलं. फोनवर सारखं एकच वाक्य, 'उपकरण उत्तर देत नाही.' दोन दिवस हबला शिव्या घातल्या. अपराधी घरातलाच निघाला.

गोष्ट साधी आहे. या दिव्यांना कायम वीज लागते, तरच ते हबचं ऐकत राहतात. भिंतीवरचा खटका बंद केला की दिवा नुसता विझत नाही, बहिरा होतो. आणि आमची ही जाता येता खटके दाबते. कुठल्याही भिंतीजवळून गेली की हात आपोआप तिकडे जातो, तळवा खटक्यांवर टेकतो, कुठला वर आहे कुठला खाली ते चाचपतो आणि खट! मी सगळं तंत्र समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी पुन्हा खट.

"अगं, ही सवय सोड की!"

"सवय नाही हो ती."

"मग काय आहे?"

"काही नाही," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेली.

मंगळवार, ११

रोगाचं मूळच काढलं! आमच्या वायरमनला सगळी गल्ली पक्कड म्हणते. तो सकाळी आला आणि घरातले सगळे खटके उपटून त्यांच्या जागी काचेच्या पाट्या बसवून गेला. गुळगुळीत, काळ्याभोर. खटका नाही, आवाज नाही. बोट नुसतं टेकवायचं. बैठकीत ती पाटी अशी शोभते की पाहुण्याने आधी तिलाच नमस्कार करावा.

ही म्हणाली, "स्वयंपाकघरातला तेवढा राहू द्या."

"एक ठेवला तर सगळंच मुसळ केरात," मी म्हटलं. पक्कडनेही मान डोलावली. जाताना तो मला हळूच म्हणाला, "काकूंना आवडलेलं दिसतंय. कधीपासून हात फिरवतायत." मी बघितलं तर खरंच ही पाटीवरून बोटं फिरवत उभी होती, वरून खाली, खालून वर.

काढलेले खटके मात्र तिने टाकू दिले नाहीत. पुसून शिवणाच्या डब्यात ठेवले. काय काय जपून ठेवेल, नेम नाही.

गुरुवार, १३

टीपॉयची सावली भिंतीवर वाईट पडत होती, म्हणून बैठकीची मांडणीच बदलली. दिवाण खिडकीखाली, टीपॉय मध्ये, खुर्ची दाराशी. आता उजेड कसा मोकळा वाहतो! हिने मात्र येता येता टीपॉयला नडगी आपटली, कपबशी फुटली. मी वैतागलो. "डोळे कुठे असतात गं तुझे?"

"जागेवरच आहेत," म्हणाली आणि हसत तुकडे गोळा करायला लागली. एक बोटाला लागला.

मला याचं आश्चर्य वाटतं. ही नाटकाच्या कपडेपटात होती. दोन प्रवेशांच्या मध्ये मी दिवे घालवायचो आणि त्या मिट्ट काळोखात, विंगेत, ही नायिकेचा अख्खा पोशाख बदलायची. हुकं, नाड्या, बटणं, सगळं बोटांवर. मी दिवे चढवीपर्यंत नायिका दुसऱ्या साडीत उभी! एक हूक कधी चुकलं नाही. आणि तीच बाई भर उजेडात टीपॉयला आपटते. लक्ष नसतं, दुसरं काय.

शनिवार, १५

आज आनंदीआनंद! हबला बोलणारा स्पीकर जोडला आणि ज्या बाईने आजवर या सगळ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती त्याच्या प्रेमातच पडली. मराठी छान बोलतो, जरा बातम्या दिल्यासारखा, पण स्पष्ट. सकाळपासून हिचं चाललंय, "किती वाजले?" "दाराला कुलूप आहे का?" "पंखा कितीवर आहे?" दुपारी तर कमाल केली. बरोबर दिव्याखाली बसली होती आणि विचारते, "बैठकीतला दिवा चालू आहे का?"

"बैठकीतला दिवा चालू आहे," स्पीकर म्हणाला.

घटकाभराने पुन्हा तोच प्रश्न. मी आतून ऐकत होतो, हसू आवरेना. यंत्राची परीक्षा घेते आहे! माझ्यासारखीच चिकित्सक, खात्री झाल्याशिवाय विश्वास ठेवायची नाही. लेकीसमोर हिलाच बोलायला लावायचं. मी सांगितलं तर जाहिरात वाटेल, हिने सांगितलं तर साक्ष ठरेल.

मंगळवार, १८

लेक येणार त्या दिवशी घालायचा पांढरा शर्ट काढला. तुटलेलं बटण हिने लावून ठेवलं होतं. घट्ट इतकं की शर्ट फाटेल पण बटण निघणार नाही. पण ते तपकिरी! बाकी सगळी पांढरी आणि मधलं एक तपकिरी.

"ही काय नवी फॅशन?"

तिने बोट त्या बटणावरून फिरवलं. "हो," म्हणाली, "एक वेगळं असलं की उठून दिसतं."

दिसतं खरं. तसाच घालणार आहे. शिवणाची कामंही तिने हल्ली परत पाठवायला सुरुवात केली आहे. आराम करते आहे, छान झालं.

गुरुवार, २०

आज संध्याकाळी रंगीत तालीम. पहाट, दुपार, दिवेलागण आणि शेवटी माझा हुकमी एक्का, 'चांदणं'. डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं आहे. एकही चूक होता कामा नये!

शुक्रवार, २१

कालचं लिहितो.

पडदे ओढलेले होते. ही खुर्चीत होती. मी दाराबाहेर, फोन घेऊन. पहिले तीन प्रवेश अगदी घड्याळासारखे. मग चांदणं दाबलं. आतून तिचा आवाज आला, "व्वा! आज निळा छान उतरलाय हो!"

काय सांगू किती आनंद झाला! या नाटकातली पहिली दाद. मग फोनकडे पाहिलं. 'उपकरण उत्तर देत नाही.' दिवेलागणीचे दिवे विझले होते आणि पुढे काहीच झालं नव्हतं.

आत गेलो. खोलीत काळोख होता. दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात तिचा चेहरा तेवढा दिसत होता. छताकडे बघत होती, हसत होती.

आधी वाटलं, थट्टा करते आहे. आता फसकन हसेल म्हणून थांबलो. "अजून चढवू का?" मी विचारलं.

"नको, असाच राहू द्या. सुंदर आहे."

मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. "हो," म्हणालो, "छान उतरलाय."

आज दिवसभर हबला हात लावलेला नाही.

शनिवार, २२

सकाळी चहा समोर ठेवून पेपर उघडला आणि तसाच मिटला. ती म्हणाली, "परवा दिवा लागलाच नव्हता ना?"

"नव्हता."

"तुम्ही जमिनीवर बसलात तेव्हा कळलं मला. तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही उगाच जमिनीवर बसत नाही."

मग सगळं बोलली. उजवा डोळा वर्षापूर्वीच गेला. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं मधलं थोडं दिसतं, तेही धुकट. रंग कळत नाहीत. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" जरा रागानेच विचारलं, खोटं कशाला लिहू.

"तुम्ही लेकीला सांगितलं असतंत. तिने नेलं असतं. तिथे मला काही सापडलं नसतं हो. इथे माझ्या हातांना सगळं माहीत आहे. इथे मी आंधळी नाही, इथे नुसता ब्लॅकआउट आहे. ब्लॅकआउटमध्ये काम करायची मला सवय आहे." मग म्हणाली, "खटका खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. हात लावला की कळायचं. पक्कडने ते उपटले ना, त्या दिवशी मी पहिल्यांदा आंधळी झाले."

मी रडलो. ती रडली नाही. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चहा निवला असेल, द्या, गरम करते."

सोमवार, २४

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं मात्र थेंब नेमाने घातले तर टिकवता येईल. उशीर झालाय, पण फार उशीर झालेला नाही, असं त्या म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मी तिथे होतो म्हणून तरी बरं. ही एकटी गेली असती तर घरी येऊन 'सगळं ठीक आहे' म्हणाली असती.

बुधवार, २६

लिहायला फुरसत नाही! घर पुन्हा उलटंपालटं केलं आहे आणि या खेपेला दिग्दर्शक ही आहे, मी नुसता हरकाम्या.

पक्कडला बोलावलं. ही शिवणाचा डबा घेऊन त्याच्यासमोर बसली आणि एकेक खटका काढून हातात देत गेली, "हा बैठकीतला, हा न्हाणीघरातला, याची कड घासलेली आहे, हा स्वयंपाकघरातला." पक्कड आधी चक्रावला, मग म्हणाला, "काका, हे तर सोपं आहे. मागे एक छोटी चकती बसवू. दिव्याला वीज कायम राहील, खटका फक्त हबला निरोप देईल." म्हणजे खट वाजणार, आणि दिवा बहिराही होणार नाही! मी पक्कडला मिठीच मारली. हे मला आधी का सुचलं नाही? कारण मी कुणाला विचारलंच नाही.

दिवाण, टीपॉय, खुर्ची पुन्हा जुन्या जागी. सावली पडते तिथे पडू दे.

आणि हबला खरं काम आत्ता मिळालं आहे! कुठलाही दिवा कुणीही लावला की स्पीकर एक 'टिंग' वाजवतो, विझवला की दोन. दार उघडलं की सांगतो. थेंबांची वेळ झाली की सांगतो, आणि ही 'घातले' म्हणेपर्यंत पिच्छा सोडत नाही. स्वयंपाकघराच्या पायरीपाशी पक्कडने चाहूल टिपणारी एक डबी लावली आहे, पाय पडण्याआधी पंखा हलकी झुळूक टाकतो, म्हणजे तिच्या गालाला कळतं की पायरी आली. ही हिची कल्पना! मी म्हटलं, "अगं, तू माझ्या खात्यात यायला हवी होतीस." म्हणाली, "मग तुमच्या नायिका रंगमंचावर कशा आल्या असत्या?"

'चांदणं' मी पुसून टाकणार होतो. तिने पुसू दिलं नाही. "तुम्हाला दिसतं ना? मग राहू द्या."

शनिवार, २९

लेक दुपारी आली. ती बॅग ठेवते न ठेवते तोच हिने सगळं सांगून टाकलं, स्वतःच. मी मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं. लेक रडली, आईला बिलगली, मग डोळे पुसून म्हणाली, "मग तर प्रश्नच मिटला. तू चलच आता. अशी इथे कशी राहशील?"

"आधी घर बघ," ही म्हणाली. मग मान जरा वर करून, जशी पूर्वी विंगेतून मला खूण करायची तशी, घराला म्हणाली, "ब्लॅकआउट."

काळे पडदे सरकले. दिवे विझले. टिंग टिंग, टिंग टिंग. भर दुपारी मिट्ट काळोख झाला.

"आई! काय पोरखेळ हा?"

"चहा करून आण."

लेक उठली. धप्प. "आई गं! हे काय आहे?"

"टीपॉय. तुझ्या लहानपणापासून तिथेच आहे. बस, मीच आणते."

मी माझ्या जागी गप्प बसून होतो. मलाही काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तिची पावलं, पायरीपाशी पंख्याचा आवाज, पाण्याची धार, कपांची किणकिण. एकदाही काही आपटलं नाही. पावलं परत आली. "कान उजवीकडे आहे, धर. गरम आहे हं." लेकीने कप घेतला. तिघांनी काळोखात चहा प्यायला. गोड बेताचा, थेंबही बशीत नाही.

मग लेकीचा आवाज आला, अगदी बारीक. "बाबा, हे सगळं माझ्याही फोनवर दिसेल?"

"दिसेल. हबला काय, एक भाषा आणखी."

"दर महिन्याला डॉक्टरांकडे मी नेणार. थेंब चुकले तर पहिला फोन मला. आणि मला सांगितल्याशिवाय एक खुर्चीसुद्धा हलवायची नाही, बाबा. तुम्हाला सांगतेय."

"आणि घर?" हिने विचारलं.

"घर राहू दे, आई."

तीन कप टीपॉयवर टेकले. शेवटी लेक म्हणाली, "आता दिवे लावा ना कुणीतरी."

ही उठली. तिने लेकीचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं असणार, कारण तिकडून आवाज आला, "हात असा टेकव. कळलं? खाली म्हणजे चालू."

खट.

टिंग वाजलं. दिवा लागला. दोघी भिंतीपाशी उभ्या होत्या, हातावर हात. स्पीकर टेबलावर होता, टिंग तर तिने ऐकलंच होतं. तरी तिने मान माझ्याकडे वळवली.

"लागला का हो?"

"लागला," मी म्हणालो.